बावीसपैकी बावीस

खारदेवळीच्या शाळेत बावीसपैकी बावीस मुलं पास झाली, तेव्हा तपासणीला आलेल्या डिप्टी साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि छापील तक्त्यावरचे आकडे दुसऱ्यांदा मोजून पाहिले. त्यांचं तरी काय चुकलं? एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि मधल्या उंचवट्यावर कशीबशी टेकलेली चाळीस-पन्नास घरं. असल्या गावात निम्मी मुलं पास झाली तरी डोक्यावरून पाणी, असा त्यांचा आजवरचा अनुभव. इथे तर वाचनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'उत्तम' लिहून त्यांचा हात दुखायला आला होता. एकोणीसशे तीस साल संपत आलं होतं, आणि कुलाबा जिल्ह्यात दामोदर खांबेटे मास्तरांइतका खूश माणूस त्या दिवशी दुसरा नसेल.

खांबेटे मास्तर मूळचे बोर्ली पंचतनचे. सहा वर्षांपूर्वी लोकल बोर्डाने त्यांना या खाऱ्या गावात आणून टाकलं, तेव्हा पहिल्या तपासणीत पाच मुलं पास झाली आणि मास्तरांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. ते त्यांच्या फार मनाला लागलं. त्यांनी डिप्टींची परीक्षा घेण्याची तऱ्हा नीट हेरून ठेवली. साहेब यायचे, क्रमिक पुस्तकातलं एखादं पान उघडायचे, ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "हं, वाच." पोरगं अडखळलं की गुण गेले, घडाघडा वाचलं की मिळाले. मग मास्तरांनी घडाघडा वाचून घ्यायचा ध्यास घेतला. रोज सकाळी अख्खा वर्ग एका सुरात पुस्तक म्हणायचा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जो अडखळेल त्याच्या तळहातावर छडी. आवाज असा लागायचा की खाडीतून जाणाऱ्या मचव्यावरचे खलाशीसुद्धा सहावा पाठ गुणगुणत रेवसला जायचे.

यात लबाडी आहे असं मास्तरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुस्तक उघडं असायचं, पोरांची बोटं ओळीवरून फिरायची, तोंडून शब्द बाहेर पडायचे. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

खरं तर शाळेच्या पटावर नावं तेवीस होती. तेविसावं नाव ठमीचं. तिची आई सगुणा मिठागरात राबायची, आणि मिठाचा हंगाम लागला की ठमीही आईबरोबर टोपली घेऊन जायची. महिना-महिना गैरहजर. आली की वर्ग पुढे गेलेला असायचा, सगळ्यांबरोबर तिला म्हणता यायचं नाही. मग ती एकटी कोपऱ्यात बसून एकेका अक्षराखाली बोट धरायची, ओठ हलवायची, मान हलवायची, पुन्हा मागे यायची. एक ओळ वाचायला तिला इतका वेळ लागे की तेवढ्यात वर्गातला भागोजी पाठ संपवून पाणी पिऊन यायचा. पोरं तिला हसायची, मास्तर कपाळाला हात लावायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ठमे, उद्या तू येऊ नकोस. आईला मदत कर." ठमीने मान डोलावली. म्हणून बावीसपैकी बावीस.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमलं. पहिला नंबर आला होता चांगदेवाचा. हा रावजी पाटलाचा मुलगा, अकरा-बारा वर्षांचा, खणखणीत आवाजाचा. मास्तरांनी त्याच्या हातात नारळ दिला आणि भाषण ठोकलं.

"आजवर मुंबईहून कागद आला की तुम्ही माझी पायरी झिजवत होता. आता तुमच्याच गावचा मुलगा वाचील. सरकारने त्याला उत्तम म्हटलंय. यापुढे गावाचे कागद चांगदेव वाचील, हा त्याचा मान!"

गावाने टाळ्या वाजवल्या. मान म्हटला की खारदेवळीत तो पालखीच्या मानासारखाच पाळायचा, त्यात कुणी हात घालायचा नाही. मास्तर मनातून सुटले. रोज संध्याकाळी कुणाचं ना कुणाचं टपाल वाचून त्यांना अगदी वीट आला होता. तेच खोकले, तीच भांडणं, तीच गावाची आठवण.

टपाल आठवड्यातून एकदा रेवसकडून येणाऱ्या मचव्यावर यायचं. ज्याचा कागद असेल तो चांगदेवाला बोलवायचा. चांगदेव देवळाच्या पायरीवर उभा राहायचा, कागद दोन्ही हातांत धरून गळा साफ करायचा आणि असा काही वाचायचा की ऐकणाऱ्यांची छाती भरून यावी. शब्द बहुतेक तेच असायचे, पण कागदाची भाषा अशीच असते असं गाव धरून चालायचं. बायका पदराला डोळे पुसायच्या. मग त्याच्या हातावर गूळ-खोबरं ठेवायच्या.

चंद्राबाईचा पहिला कागद माघात आला. चंद्राबाई विधवा, मिठागरावर फावडं ओढायची. तिला एकुलता एक धर्मा. तो दिवाळी होताच, सणाला घरी आलेल्या शेजारच्या रघूबरोबर मुंबईला गोदीत कोळसा उतरवायला गेला होता. चांगदेवाने वाचलं, "तीर्थरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार. येथे मी आपल्या आशीर्वादे सुखरूप आहे. आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. माझी काळजी करू नये." चंद्राबाईला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण सुखरूप हा शब्द कळला. तिने त्या दिवशी सगळ्या आळीला घावन खायला घातले.

दुसरा कागद फाल्गुनात आला. नेमकी तेव्हा मास्तरांची धांदल चालली होती. बावीसपैकी बावीसची कीर्ती वर पोहोचली होती आणि डिप्टींच्याही वरचे मोठे साहेब स्वतः शाळा बघायला येणार होते. भिंतींना चुना चालला होता. मास्तर धोतराचा काचा मारून स्वतः शिडी धरून उभे, तोच दारात चंद्राबाई आली. मागे तिच्या पदराआड ठमी.

"मास्तर, येक इचारू का?" चंद्राबाईने चार घड्यांचा कागद पुढे केला. "ह्यो कागुद जरा तुमी बगता का? चांगदेवानी वाचला. पन दोन कागुद आलं न दोनी येकसारकं. न माजा धर्मा मना मातोश्री कशाला म्हनंल? तो मना आये म्हनतो."

मास्तरांना हसू आलं. "अगं, कागद काय तो स्वतः लिहितो? लिहून देणारा कुणी कारकून असेल. कागदाची भाषा अशीच असते."

"आमच्या रघूच्या खोलीत हाय येक लिवनारा पोर. पन तो बोलतो तसाच लिवतो, असा रघू सांगत व्हता."

"मास्तर," मागून ठमीचा बारीक आवाज आला, "त्याच्यात खोकला लिवलाय."

"काय?"

"खो... क... ला. मी बोट धरून वाचला. न रगत बी लिवलाय."

मास्तरांचं डोकं तडकलं. एकीकडे चुन्याची बादली कलंडत होती, मोठे साहेब चार दिवसांवर आले होते, आणि ही पोर, जिला एक ओळ धड म्हणता येत नाही, ती पहिल्या नंबरच्या मुलाच्या चुका काढायला आली होती! चंद्राबाईने दिलेला कागद तोवर त्यांच्या हातात होता. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. तसाच्या तसा परत तिच्या हातावर ठेवला.

"चंद्राबाई, चांगदेवाला सरकारने उत्तम दिलंय. आणि हिचं नाव मी तपासणीला पाठवलंसुद्धा नाही. कुणाचं खरं मानायचं ते तूच ठरव. आणि ठमे, ज्याला वाचता येत नाही त्याने कागदाला हात लावायचा नाही. उद्यापासून शाळेत आली नाहीस तरी चालेल."

चंद्राबाईने ठरवलं. मास्तरांपुढे आणखी कुणाचं ऐकायचं? बाहेर थांबलेल्या सगुणाने ठमीच्या पाठीत धपाटा घातला. "जित्या मानसाच्या नावानी वाईट-वंगाल बोलतंस व्हय ग?" ठमी रडली नाही. चंद्राबाईच्या हातातल्या कागदाकडे मात्र वळून वळून बघत गेली.

मोठे साहेब आले. त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं, बोट ठेवलं, पोरांनी वाचलं. साहेब खूश होऊन गेले. पुढे चैत्रात चंद्राबाईला तिसरा कागद आला. तोही चांगदेवाने वाचला, आणि त्यातही सगळं क्षेम होतं.

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी सकाळच्या भरतीला मचवा लागला. मास्तर खडूची पेटी घ्यायला धक्क्यावर गेले होते. मचव्यातून रघू उतरला, एकटाच. त्याच्या खांद्यावर धर्माची पत्र्याची पेटी होती. ती पेटी गावातल्या सगळ्यांनी ओळखली, कारण तिच्यावर धर्माने जाताना हौसेने निळा मोर काढून घेतला होता.

चंद्राबाई मिठाच्या राशीवरून खाली येत होती. डोक्यावरची टोपली तिने उतरवली नाही. "धर्मा कुटं हाय?" तिने विचारलं.

रघूने पेटी खाली ठेवली.  मग एकदम रडत सुटला.

"काकी, तुमी आल्या न्हाय! तीन कागुद धाडलं आमी. पडून व्हता तो दोन महिनं. रोज मना इचारायचा, आजच्या लाँचीनी आय आली का? मी भाऊच्या धक्क्यावर जाऊन बगून यायचो. शेवटल्या कागदात त्यानी येवढाच लिवाया सांगितला, आये, तू आली न्हायस. आठ दिस झालं त्याला जाऊन."

चंद्राबाईने टोपली तशीच डोक्यावर धरली होती. मीठ तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून ओघळत होतं. "कागुद आलं की," ती म्हणाली. "सगला क्षेम हाय म्हनून आलं. मी घावन वाटलं."

धक्क्यावर दहा-वीस माणसं होती. रघू या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं आपली कुणीतरी थट्टा करतंय. मास्तरांना चांगलं आठवत होतं: चुन्याची बादली, चार घड्या, आणि त्या पोरीचा बारीक आवाज.

कुणीतरी पळत जाऊन चंद्राबाईच्या घरातून तिन्ही कागद आणले. मास्तरांनी वरचा, पहिला उघडला. अक्षर साधं, पोरवयातलं, ठळक होतं. "आये, मी धर्मा. मना लई खोकला लागलाय. कोलशाची धूल छातीत गेली असा रघू बोलतो. काल रगत पडला. तू भिऊ नको, पन मना घरी न्यायला ये." मास्तरांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काहीच नव्हतं. तीर्थरूप नव्हतं, मातोश्री नव्हती, साष्टांग नमस्कारही नव्हता. बाकीचे दोन उघडायची त्यांची छाती झाली नाही.

गर्दीत चांगदेव उभा होता. मास्तरांनी त्याला हाक मारली. "चांगदेव, हा कागद वाच."

मुलगा पुढे आला. त्याने कागद दोन्ही हातांत धरला, गळा साफ केला आणि त्या धक्क्यावर, धर्माच्या पेटीशेजारी, खणखणीत आवाजात सुरू केलं, "तीर्थरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार. येथे मी आपल्या आशीर्वादे सुखरूप आहे..."

"बस!" मास्तर ओरडले. "हे कुठं लिहिलंय?"

"सतराव्या पाठात," चांगदेव लगेच म्हणाला. प्रश्न सोपा होता.

"या कागदात कुठं लिहिलंय ते दाखव. बोट ठेव."

चांगदेवाने कागदाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. ढोंगी पोर कसं दिसतं ते सहा वर्षांत मास्तरांना पाठ झालं होतं, आणि हे पोर ढोंगी दिसत नव्हतं.

"मास्तर, सतराव्या पाठाचा नाव पत्र हाय ना? तुमीच सांगितला, पत्र असा असतो. ह्यो बी पत्रच हाय. मग ह्याच्यात तोच असनार ना?"

"अरे, पण अक्षरं? अक्षरं दिसत नव्हती तुला?"

चांगदेव एक पाऊल मागे सरकला. "पयल्या डावाला बगितली. लई येगली व्हती, पुस्तकातल्यासारकी न्हवती. समदा गाव हुबा. अडखललो तर तुमी छडी मारता."

रावजी पाटलाने लेकाला मारायला हात उचलला. तो मास्तरांनी वरच्यावर धरला. का धरला हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्यांना एवढंच दिसलं की हा हात चुकीच्या माणसावर पडतोय.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मास्तरांच्या मनात अजून एक वेडी आशा होती. निघालं असेल एखादं पोर तसं. बावीसच्या बावीस तशी कशी असतील? सहा वर्षं घसा कोरडा केला तो काय उगीच? चांगदेव आला नव्हता. बाकीची एकवीस पोरं घाबरून गप्प बसली होती. मास्तरांनी पोरांना सुरू करायला सांगितलं नाही. ते फळ्याकडे वळले आणि हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आता घरी जा."

मग खुर्चीत बसले आणि वाट बघायला लागले.

एकही पोर उठलं नाही.

एकवीस जोडी डोळे फळ्यावर होते. बाहेर ऊन होतं, खाडीला भरती येत होती, पोहायला जायला याहून बरी वेळ नव्हती. सुट्टी म्हटली की दप्तरं इथेच टाकून उधळणारी ही पोरं, आणि समोर सुट्टी लिहिलेली असून मांडी घालून बसली होती. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे उठा, एकाने तरी उठा रे! पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी दुसऱ्या नंबरचा भागोजी उभा राहिला. मास्तरांच्या जिवात जीव आला. भागोजीने फळ्याकडे बोट केलं, छाती पुढे काढली आणि पहिला पाठ पहिल्या शब्दापासून म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या पोरांना हायसं वाटलं. त्यांनीही त्याच्या सुरात सूर मिळवला.

मास्तरांनी त्यांना थांबवलं नाही. अख्खा पाठ त्यांनी ऐकून घेतला. एकाही शब्दाची चूक नव्हती.

त्यानंतर ते दुपारपर्यंत एकेका पोराला जवळ घेऊन बसले. फळ्यावर नुसता 'घ' काढला तर पोरं क ख ग म्हणत त्याच्यापर्यंत चालत यायची, आणि मध्येच थांबवलं तर पुन्हा क पासून निघायची. तिघांना चारदोन अक्षरं ओळखता आली. बाकीच्यांना पुस्तकाचं पान ओळखू यायचं, चित्रावरून, शाईच्या डागावरून, कोपऱ्याच्या घडीवरून. पान कळलं की त्यांचं काम झालं. बोट तर काय, कुठेही फिरायचं.

टेबलाच्या खणात डिप्टींच्या तक्त्याची नक्कल होती. मास्तरांनी ती बाहेर काढली. वाचनाचा रकाना, उत्तम, उत्तम, उत्तम. खाली गोल शिक्का. कागद खोटा नव्हता. साहेबांनी जे विचारलं होतं ते पोरांनी बिनचूक दिलं होतं. त्यांनी जे विचारलं नव्हतं ते सहा वर्षांत मास्तरांनीही कधी विचारलं नव्हतं. आपण या गावात शाळा चालवतोय असं ते समजत होते. आपण नक्की काय चालवलं, हे त्यांना त्या भर दुपारी कळेना. मास्तर पोरांसमोर रडले. पोरांना वाटलं, पाठात कुठेतरी चूक झाली.

मग ते चंद्राबाईच्या घरी गेले. ओटीवर बायका बसल्या होत्या. चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तिन्ही कागद. येताना वाटेत मास्तरांनी बोलायचं सगळं जुळवलं होतं, ते इथे आल्यावर विस्कटलं. ते जमिनीवर, तिच्यासमोर बसले.

"चंद्राबाई, पोराचा काही दोष नाही. मी त्याला वाचायला शिकवलंच नाही. त्याला नाही, एकालाही नाही. तुम्ही माझ्याकडे कागद घेऊन आलात, तो मी उघडला नाही. दोष माझा आहे."

चंद्राबाईने मांडीवरचे कागद सारखे केले. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मास्तरांना सोसवल्या असत्या.

"मना कागुद ऐकू द्या," ती म्हणाली. "माज्या धर्मानी काय लिवला तो मना अजून ठावा न्हाय."

मास्तरांनी हात पुढे केला. तिने कागद छातीशी धरले.

"तुमी नको. तुमी भराभर वाचता. तुमच्या शालंतला कोनच नको. ठमीला बोलवा."

ठमीला मिठागरावरून बोलावून आणलं. तिच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल होता आणि हात मिठाने पांढरे पडले होते. मास्तरांना बघताच ती दारातच थांबली. कागदाला हात लावायचा नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. मास्तरांनी मान खाली घातली आणि सरकून तिला जागा करून दिली. मग ती आत येऊन चंद्राबाईजवळ बसली, हात परकराला पुसले आणि पहिला कागद उघडला.

तिने बोट ठेवलं. "आ... ये. मी... ध... र्... धर्मा." चंद्राबाईने डोळे मिटले. ठमी एकेक अक्षर उचलत होती, जोडत होती, चुकली की मागे येत होती. बायका ऐकत होत्या. प्रत्येक शब्द पुरा झाला की चंद्राबाई तो हळूच स्वतःशी म्हणायची. इतक्या सावकाश धर्मा पहिल्यांदाच त्या घरात बोलत होता. मास्तरांना वाटलं, आपण इतके दिवस ज्याला हसलो ते हे वाचन. गावात एकच पोर वाचत होतं आणि तिलाच आपण घरी बसवलं.

पहिला कागद संपायला बराच वेळ लागला. मग तिने दुसरा घेतला. चार घड्या होत्या. हाच तो. मास्तरांनी तो ओळखला. यात काय आहे हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

"आये... मी आता... का... मा... ला जात न्हाय. ख... खोकला... थांबत न्हाय. रगत... रोज... प... ड... तो." ठमीचं बोट खालच्या ओळीवर आलं. "तू... लाँ... लाँचीत... बसून ये. तु... ना... वाट... ठा... वी... न्हाय, तर..."

ती अडली. पुढे एक लांब शब्द होता. तिने तो मनातल्या मनात दोनदा जुळवून पाहिला, आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिने मास्तरांकडे पाहिलं.

"वाच," चंद्राबाई डोळे न उघडता म्हणाली.

"तर... ह्यो कागुद... मा... स्त... रां... ना दा... ख... व. मास्तरांना दाखव. ते जा... न... ते हायेत. ते... तुना... समदा... नीट... सांगतील."

ओटीवरच्या बायकांनी माना वळवल्या. मास्तरांना उठून जावंसं वाटलं, पण ते बसून राहिले. चंद्राबाईने डोळे उघडले. ती मास्तरांकडे बघत नव्हती. तिने ठमीच्या हातातल्या कागदावर आपला तळवा ठेवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"दाखवला व्हता रं बाला," ती त्या कागदाला म्हणाली. "दाखवला व्हता."

मग ठमीने चंद्राबाईचा हात हलकेच बाजूला केला आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.